जिवंत माणसाचा शोकसंदेश

आमच्या सुनेला मी चाळणीबाई म्हणते. तोंडावर म्हणते, पाठीमागे नाही. पाठीमागे बोलायची मला सवय नाही, आणि समोर गप्प बसायची तर त्याहून नाही. चाळणीबाई अशासाठी, की तिचं कामच चाळायचं होतं. लोक फोनवर दिवसभर जे काही टाकत असतात, फोटो, प्रार्थना, शिव्या, शाप, आशीर्वाद, त्यातलं काय राहू द्यायचं आणि काय काढून टाकायचं हे ठरवायला एका भल्यामोठ्या कंपनीनं माणसं बसवली आहेत. ती कंपनी नेमकी कुठल्या देशात बसते हे तिलाही धड सांगता यायचं नाही. पगार देणारी कंपनी निराळी. ती बस डेपोच्या मागच्या इमारतीत, तिसऱ्या मजल्यावर, बाहेर पाटी नाही. आत मुलं-मुली ओळीनं बसून चाळत असतात.

हे सगळं मला कळायला नको होतं. तशी सही घेतली होती तिच्याकडून. शेजारीपाजारी तिनं "कंपनीत टायपिंगचं काम" असंच सांगितलं होतं आणि मीही तेच धरून चालले होते. पण एकदा जेवता जेवता ती ताटावरून उठली ती थेट मोरीत. मला वाटलं, गोड बातमी! मी मनात नावंसुद्धा ठरवायला लागले. कसलं काय. सकाळी कामावर काहीतरी भयंकर बघितलं होतं पोरीनं. मी चाळीस वर्षं हॉस्पिटलात सिस्टर म्हणून काढली आहेत, माझ्यापासून उलटीचं कारण लपवणं सोपं नाही. पिच्छाच पुरवला. शेवटी दार लावून घेऊन सगळं बोलली.

मुलगा माझा लांब पल्ल्याची बस चालवतो. महिन्यातले निम्मे दिवस रस्त्यावर. म्हणजे घरात आम्ही दोघीच, आणि आमचं जमतं. सासू-सुनेचं जमतं असं सांगितलं की लोक संशयानं बघतात, बघोत. ती मला "आई, तुम्ही फार बोलता" म्हणते आणि मी तिला "तू फार गिळतेस" म्हणते. जेवण नव्हे, शब्द.

तिचे आजोबा प्रार्थनाघरात प्रार्थना सांगायचे. लहानपणी त्यांच्या मांडीवर बसून हिला सगळ्या पाठ झाल्या. सकाळची, संध्याकाळची, आजाऱ्याची, प्रवासाला निघणाऱ्याची, माणूस गेल्यावर म्हणायची शेवटची. स्वयंपाक करताना पुटपुटत असते. भाजी करपली तरी प्रार्थना अर्धी सोडायची नाही. कंपनीनं हे बरोबर हेरलं आणि तिला धार्मिक मजकुराच्या टेबलावर बसवलं. कुणी कुणाच्या देवाची टिंगल केली, कुणी देवाचं नाव घेऊन कुणाला मारायची भाषा केली, तर काढायचं. प्रार्थना असेल तर राहू द्यायचं. आणि शोक असेल तर अजिबात हात लावायचा नाही. "दुःखातल्या माणसाला धक्का लावायचा नाही, असा नियमच आहे आई," हे तिनं मला मोठ्या कौतुकानं सांगितलं होतं. मलाही बरं वाटलं होतं. म्हटलं, चला, कुणाला तरी काळीज आहे तिकडे.

आणखी एक गोष्ट तिनं सांगितली होती, ती लक्षात ठेवा. त्यांना पडद्यावर चित्रं स्वच्छ दिसत नाहीत. राखाडी दिसतात, धुकं पडल्यासारखी. मुद्दाम तशी ठेवतात. दिवसभर रक्तमांस बघून पोरांची डोकी फिरायला लागली, नोकऱ्या सोडून जायला लागली, तेव्हा कुणीतरी ही युक्ती काढली. बटण दाबलं की चित्र स्वच्छ होतं. पण ज्यानं मोरीत जाऊन ओकलेलं आहे तो उगाच कशाला बटण दाबेल?

आता टेलरमास्तरांचं सांगते. आमच्या समोरच्या इमारतीत तळमजल्यावर त्यांचं दुकान, मागच्या खोलीत घर. शाळेचे गणवेश शिवायचे. नाकासमोर चालणारा माणूस, अंगावर सदा दोरे चिकटलेले. प्रार्थनाघरात गायलाही तेच पुढे असायचे. बायकोला दम्याचा जुना त्रास, आता तर अंथरुणच धरलेलं. मी अधूनमधून जाऊन बघून यायची. त्या दिवसांत प्रार्थनाघरावर नवा भोंगा बसवला. भोंग्याचं तोंड नेमकं यांच्या खिडकीकडे. बाई बिचारी दचकायची, दचकली की दम लागायचा, दम लागला की घाबरायची आणि घाबरली की आणखी दम. मास्तरांनी फोनवर आमच्या गल्लीचं पान आहे त्यावर चार ओळी टाकल्या. "माझी बायको आजारी आहे. भोंग्याचा आवाज थोडा कमी ठेवावा ही हात जोडून विनंती. देव बहिरा नाही."

एवढंच. पण त्या शेवटच्या तीन शब्दांवर लोक असे तुटून पडले म्हणता! देवाला बहिरा म्हणाला, देवाची थट्टा केली, याला माज आलाय. अहो, नाही म्हणाला ना तो, बहिरा नाही म्हणाला! पण ऐकतं कोण. शेकडो लोकांनी कंपनीकडे तक्रार ठोकली आणि मास्तरांच्या चार ओळी दुपारपर्यंत गायब झाल्या. कुणा माणसानं बघितल्याच नव्हत्या, एवढ्या तक्रारी आल्या की यंत्रच काढून टाकतं म्हणे. मास्तर मला म्हणाले, "जाऊ द्या सिस्टर, मी खिडकीला गादी लावतो." आणि खरंच लावली.

मला वाटलं, मिटलं.

त्यानंतर एका संध्याकाळी मी भाजी निवडत बसले होते आणि माझ्या जुन्या वॉर्डातल्या मैत्रिणीचा मेसेज आला. "अगं, तुमच्या समोरचे टेलर गेले? कधी?" खाली फोटो. मास्तरांचाच, कुणाच्या तरी लग्नातला, हसरा. बाजूला तेवता दिवा. खाली अख्खी शेवटची प्रार्थना, आणि मग मास्तरांचं नाव आणि "देवाघरी गेले". त्याखाली ही मोठी रांग. आत्म्यास शांती लाभो. फार वाईट झालं. भला माणूस होता.

मी खिडकीतून बघितलं. मास्तर मशीनवर बसले होते, पाय चालू होते. मला हसूच आलं. मी हाक मारली, "अगं चाळणीबाई, ये, बघ कुणी काय चावटपणा केलाय तो!"

ती हात पुसत आली, फोन घेतला आणि बघता बघता तिच्या चेहऱ्यावरचा रंग उतरला. मी पटकन खुर्ची पुढे सरकवली, कारण हा रंग मी ओळखते, यानंतर माणूस पडतं.

"आई," ती म्हणाली, "हे आज सकाळी माझ्यासमोर आलं होतं. मी पास केलं."

"तू? मास्तरांचा फोटो बघून?"

"फोटो बघितलाच नाही मी. राखाडी गोळा होता नुसता. नाव तरी काय, असलं नाव शंभर जणांचं असतं. मी प्रार्थना वाचली. एक अक्षर चुकलं नव्हतं आई. कानामात्रासुद्धा. आजोबा म्हणायचे तशीच, अगदी तशीच. मला वाटलं, ज्याला ही प्रार्थना एवढी नीट येते तो खोटं कशाला बोलेल? मी डोळे मिटले आणि त्या गेलेल्या माणसासाठी मनातल्या मनात म्हटलीसुद्धा."

माझ्या काळजात धस्स झालं ते तेव्हा. फोटोमुळे नाही, हिच्या आवाजामुळे.

तेवढ्यात दारावर टकटक झाली आणि आम्ही दोघी दचकलो. मास्तरच होते. हातात फोन, चेहऱ्यावर कसंनुसं हसू. "सिस्टर, माझा फोन मला आत घेईना. म्हणतो, तुम्ही वारलात. आता तुम्हीच बघा बुवा, मी आहे की नाही."

मी त्यांचं मनगट धरलं, भिंतीवरच्या घड्याळाकडे बघून नाडी मोजली. "आहात," मी म्हणाले. "जरा पळते आहे, पण आहात." तेही हसले, मीही हसले. सून हसली नाही.

झालं होतं असं. ती पोस्ट पास झाली म्हणून खरी ठरली. ती दाखवून कुणीतरी कंपनीला कळवलं, हा माणूस गेला, याच्या पानाला स्मृतीचा शिक्का मारा. कंपनीनं मारला. शिक्का बसला की पान कुलूपबंद. म्हणजे मास्तरांना "मी जिवंत आहे" एवढंही म्हणायला जागा उरली नाही. आणि यापुढे त्या पोस्टची तक्रार कुणी केली तर कंपनी तपासून बघणार, माणूस आहे का गेलेला? आहे, शिक्का आहे. मग हा शोकच. आणि शोकाला हात लावायचा नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी मास्तरांनी दुकानाचं शटर वर केलं तर कडीला फुलांचं चक्र अडकवलेलं. जसं शवपेटीवर ठेवतात तसं. चांगलं ताज्या फुलांचं, महागातलं. मास्तरांनी ते काढून मागे ठेवलं. तासाभरानं एक बाई आली आणि म्हणाली, मुलाचं कापड परत द्या, शिवायचं नाही आता. मग दुसरी. मग एक गृहस्थ, तो तर अर्धी शिवलेली पँट टाचण्यांसकट घेऊन गेला. कुणी भांडलं नाही. कुणी मास्तरांच्या डोळ्याला डोळा दिला नाही. दुपारपर्यंत कपाट रिकामं. मी खिडकीतून हे सगळं बघत होते. मी साथीच्या दिवसांत वॉर्ड सांभाळला आहे, मरणाला मी घाबरत नाही. पण मेलेल्यासारखं वागवलेल्या जिवंत माणसाला बघून पाचावर धारण बसली माझी.

आणि फोनवरची रांग वाढतच होती. त्यात कुणीतरी विचारलं, "अंत्ययात्रा कधी?" खाली उत्तर आलं, "या आठवड्याच्या मोठ्या प्रार्थनेनंतर. सर्वांनी यावे."

सर्वांनी यावे! कुणी मारू म्हणालं नव्हतं. कुणी शिवी दिली नव्हती. सगळं कसं हात जोडून, मान खाली घालून. कुणावर बोट ठेवणार?

आम्ही पोलिस चौकीत गेलो, मास्तर आणि मी. ड्युटीवरच्या साहेबानं फोन घेतला, चष्मा वर केला, वाचलं. "यात धमकी कुठे आहे? श्रद्धांजली आहे ही."

"जिवंत माणसाला?" मी म्हणाले.

"जिवंत आहेत ना? मग आनंद आहे." आणि फोन परत दिला. मी त्याला चार शब्द सुनावले, पण ते शब्द चौकीतच राहिले.

इकडे सुनेनं टीम लीडरला गाठलं. तिच्या बरोबरीचाच मुलगा, गळ्यात ओळखपत्राचा पट्टा आणि तोंडात कायम नियम. ही म्हणाली, तो माणूस जिवंत आहे, माझ्या समोर राहतो. तो म्हणाला, "ओळखीचा आहे? मग तर तुला हात लावताच येत नाही. नियम आहे." त्यानं ते वरच्या टीमकडे पाठवलं. वरची टीम दुसऱ्या देशात. त्यांना आमची भाषा येत नाही, त्यांनी यंत्राकडून भाषांतर करून वाचलं. उत्तर आलं, सुंदर प्रार्थना आहे, नियमभंग नाही. मग टीम लीडर तिला जिन्यात घेऊन गेला आणि हळूच म्हणाला, "पहिला पास तुझा आहे. फार आरडाओरडा केलास तर चौकशी तुझीच होईल. आणि बाहेर एक शब्द काढलास तर नोकरी तर जाईलच, पण लोकांना कळेल तू काय काम करतेस. विचार कर."

हे तिनं मला घरी येऊन सांगितलं तेव्हा मी म्हणाले, "बरोबर बोलतोय तो. तू यात पडू नकोस." मला तेव्हा तिच्याबद्दलच भीती वाटत होती, खोटं कशाला बोलू. गल्लीत आधीच लोक दात-ओठ खात होते, की कोण मेला आमच्या देवाच्या पोस्टी काढतो, सापडू दे एकदा. आणि ती माझ्या घरात बसून भात वाढून घेत होती.

"आई, मास्तरांना काही झालं तर?"

"काही होत नाही. लोक बोलतात आणि विसरतात."

"तुम्हाला खरंच असं वाटतं?"

मला वाटत नव्हतं. मी ताट उचललं आणि नळ मोठा सोडला.

मोठ्या प्रार्थनेच्या आदल्या दिवशी ती कामावर गेली नाही. दुपारी माझ्यासमोर येऊन उभी राहिली, केस नीट विंचरलेले, आणि म्हणाली, "आई, तुमचा हात कापत नाही. फोन धरायला चला." चाळीस वर्षं शिरेत सुई घातलेला हात, नाही कापत. मी जिन्यात तिला म्हणाले, तुझ्या नवऱ्याला तरी विचार. ती म्हणाली, "विचारलं. तो म्हणाला, आईला घाबरत नाहीस, मग कुणाला घाबरतेस?" माझ्या पोराला चेष्टा कधी करावी हे जन्मात कळलेलं नाही.

मास्तरांच्या दुकानात गिऱ्हाईकांच्या स्टुलावर ती बसली. मास्तर मशीनवर. त्यांना तिनं काही बोलायला लावलं नाही, फक्त शिवत राहा म्हणाली. कापड उरलं नव्हतं, तर त्यांनी स्वतःच्याच शर्टाची कॉलर उसवून उलटी शिवायला घेतली. मशीन चालू झालं आणि ती बोलायला लागली. मी समोर फोन धरून उभी.

"हे टेलरमास्तर. आत्ता, माझ्या शेजारी बसून शिवतायत. ज्या कंपनीच्या पानावर यांचा शोकसंदेश फिरतोय, त्या कंपनीसाठी मी काम करते. तो मी पास केला. चित्र न बघता केला, ती चूक माझी. ती प्रार्थना मला माझ्या आजोबांनी शिकवली. ती गेलेल्या माणसासाठी असते. जिवंत माणसाच्या नावानं ती म्हणणं ही प्रार्थना नाही, तो शाप आहे, आणि हे लिहिणाऱ्यालाही पक्कं माहीत आहे, कारण त्याला ती माझ्याइतकीच पाठ आहे. उद्या अंत्ययात्रेला बोलावलंय सगळ्यांना. कुणाची?" मग ती जरा थांबली, मला वाटलं संपलं, मी बटणावर बोट नेलं. तर म्हणाली, "आणि देव बहिरा नाही. हे मीही म्हणते."

ते शेवटचं वाक्य ठरलेलं नव्हतं. मी तिच्याकडे डोळे वटारले, पण तोवर ते फोनमध्ये गेलं होतं. मी म्हणाले, ते कापून टाक. ती नको म्हणाली आणि तसंच पानावर टाकलं.

वणव्यासारखं पसरलं ते. ज्यांना कधी वेळ नव्हता त्या वरच्या लोकांना एकाएकी वेळ मिळाला. संध्याकाळी मास्तरांचा शोकसंदेश गेला, पानाचं कुलूप निघालं, "गैरसोयीबद्दल खेद" असं काहीतरी आलं. मेलात म्हणून सांगितलं, ती गैरसोय! त्याच्या पाठोपाठ हिला फोन आला. उद्यापासून येऊ नका, कार्ड जमा करा, सहीची आठवण ठेवा. तिनं हो हो म्हटलं आणि ठेवला.

दुसऱ्या दिवशी मास्तर आणि त्यांच्या बायकोला आम्ही वर आमच्याकडे आणलं. बाईंना मास्तरांनी पाठीवर घेतलं होतं. भोंगा सुरू झाला, प्रार्थना झाली, भोंगा थांबला. मग रस्त्यावर पावलं ऐकू यायला लागली. पुष्कळ पावलं, आणि बोलणं नाही. आमच्या इमारतीखाली आली आणि थांबली. बाईंना दम लागायला लागला होता, मी त्यांच्या पाठीवर हात फिरवत होते आणि कानात सांगत होते, हळू श्वास घ्या, आवाज करू नका. सून दाराशी उभी होती, कडी घातलेल्या दाराला पाठ लावून, जणू तिच्या वजनानं दार अडणार होतं. ओठ हलत होते. कुठली प्रार्थना म्हणत होती कोण जाणे. मला तेव्हा पहिल्यांदा माझ्या घराचं दार किती पातळ आहे ते दिसलं.

पावलं पुढे गेली. कुणी वर आलं नाही. लोक म्हणतात, हिच्या व्हिडिओमुळे बाहेरचे पत्रकार येऊन उभे होते म्हणून. असेल.

मास्तर दोन-चार दिवसांत मुलीकडे निघून गेले. भर दुपारी, टेम्पोत मशीन, गाद्या, बायको. खिडक्या-खिडक्यांतून डोकी बघत होती, मदतीला एक हात आला नाही. जाताना मास्तरांनी सुनेच्या डोक्यावर हात ठेवला. नाक पुसलं. मग मला म्हणाले, "सिस्टर, हिला एकटीला बाहेर सोडू नका." मी म्हणाले, तुम्ही तुमचं बघा. रागानं नाही, मला रडू येत होतं म्हणून.

त्यानंतर गल्ली शांत झाली. दुधाची पिशवी दाराशी येत होती. खालचा वाणी सामान देत होता, फक्त पूर्वी "काय ताई" म्हणायचा तो आता काही म्हणत नव्हता. जिन्यात कुणी भेटलं की भिंतीकडे सरकायचं. सून घरीच. पडदे शिवते, काम शोधते, गुणगुणते. मी डोळ्यांत तेल घालून तिच्यावर लक्ष ठेवायची आणि तिला वाटायचं मी टीव्ही बघते आहे. दिवस गेले, आणि ती मेली भीती थोडी सैल झाली. माणूस सवयीचं असतं. मी परत तिला चाळणीबाई म्हणायला लागले.

काल दुपारी मी आरामखुर्चीत पडले होते. ती गॅलरीत कपडे वाळत घालत होती, चिमटे तोंडात धरून, तशीच गुणगुणत. फोन वाजला. माझी तीच मैत्रीण. "अगं, सून गेली? कळवलंसुद्धा नाहीस!"

खाली फोटो. तिच्या लग्नातला. माझा हातसुद्धा आहे त्यात, तिच्या खांद्यावर, मनगटापासून कापलेला. बाजूला तेवता दिवा. खाली शेवटची प्रार्थना. मी ती दोनदा वाचली, चूक सापडावी म्हणून. एक अक्षर चुकलेलं नव्हतं.

तक्रार कशी करायची ते तिनंच मला शिकवलं होतं. मी बटण दाबलं. कारण निवडा, म्हणाला. अश्लील आहे. हिंसा आहे. फसवणूक आहे. बंदी असलेल्या वस्तूंची विक्री आहे. मी खालपर्यंत गेले, परत वर आले. ती जिवंत आहे, असं कारण त्यात नव्हतं. शेवटी "इतर" दाबलं आणि माझ्या जाड बोटांनी लिहिलं, "ही माझी सून आहे. ती आत्ता गॅलरीत कपडे वाळत घालते आहे."

उत्तर लगेच आलं. मला वाटलं कुणीतरी वाचलं. "कळवल्याबद्दल आभार. आम्ही ही पोस्ट तपासली. ती आमच्या नियमांत बसते. आपल्या दुःखात आम्ही सहभागी आहोत."

गॅलरीतलं गुणगुणणं थांबलं होतं. मी कशी उठले, कशी गेले, मला सांगता येणार नाही. ती चादर पिळत होती. मी तिच्या हातातून चादर ओढून घेतली आणि तिचं ओलं मनगट धरलं.

"आई, काय झालं? एवढ्या काय घाबरलात?"

"गप्प बस," मी म्हणाले. "मोजू दे मला."